प्रतिकृती स्पोर्ट्‌स कार कोणाकडून बांधून घ्यावी?

प्रश्न : २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. ते पाहिल्यापासून पोर्शे ३५६ स्पीडस्टर या जुन्या जर्मन स्पोर्ट्‌स कारची प्रतिकृती आपल्याकडे असावी असे माझ्या मनाने घेतले आहे. मूळ गाडी माझ्या आवाक्यातली नाही. मकरपुऱ्यातील एक फायबरकाम करणारे कारागीर माझ्या जुन्या मारुती ८०० वर नवी बॉडी बसवून चार महिन्यांत गाडी देतो म्हणतात. ते निम्मी रक्कम आगाऊ मागतात आणि ‘आरटीओचे आम्ही पाहून घेऊ, नाहीतर व्हिंटेज म्हणून नोंदवू’ असे सांगतात. परराज्यातील एक वर्कशॉप लोखंडी नळ्यांची स्वतंत्र चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बांधते. तिथे खर्च जवळजवळ तिप्पट, मुदत दीड वर्षाची, आणि रस्त्यावरच्या नोंदणीची हमी देता येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले. तिसरा पर्याय परदेशातून किट, म्हणजे जोडून गाडी तयार करण्याचा सुट्या भागांचा संच, मागवण्याचा आहे. कोणाची निवड करावी?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण तिघांची तुलना खर्च आणि मुदत यांवरून केली आहे. माझ्या मते बांधणाऱ्याची पारख दोन गोष्टींवरून करावी : बॉडीच्या खाली काय आहे, आणि कागदपत्रांबद्दल तो काय बोलतो.

कागदपत्रांचे आधी पाहू, कारण तिथेच पहिला पर्याय बाद होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा मालकाला आहे हे ध्यानात घ्यावे. ‘पाहून घेऊ’ म्हणणारा कारागीर त्या वेळी आपल्या शेजारी उभा नसेल. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येईल. व्हिंटेज नोंदणीची गोष्ट तर मुळातच चुकीची आहे. २०२१ च्या नियमांनुसार ती पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी आहे, आणि त्या गाड्यांनाही रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

परदेशी चित्रफितींमुळे या बाबतीत बराच गैरसमज पसरतो. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती गाड्या विकण्याची वाट मोकळी केली, आणि ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे उत्पादकाने आपला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) वाहने तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. म्हणून रस्त्यावर चालेल असे वचन देणाऱ्या प्रत्येकाला त्या मान्यतेचे प्रमाणपत्र दाखवायला सांगावे. ते नसेल तर आपली गाडी खासगी आवारात चालवण्यासाठी आणि ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेण्यासाठी आहे, हे मनाशी पक्के करूनच पैसे गुंतवावेत. तेवढ्याने आपले समाधान होणार नसेल तर हा बेत सोडावा, असे मी कळकळीने सुचवतो.

आता बॉडीखालचे पाहू. मारुती ८०० ला वेगळी चॅसी नाही. छप्पर, खांब आणि तळ मिळून तिची ताकद बनते. छप्पर कापले की काड्यापेटीचे आवरण काढल्यावर आतला खण पिळवटतो तशी ती गाडी खड्ड्यात पिळवटू लागते, आणि वरून बसवलेले फायबर ती उणीव भरून काढत नाही. शिवाय ३५६ चे इंजिन मागे असते आणि ८०० चे पुढे, म्हणजे बाहेरून कितीही हुबेहूब साधले तरी त्या गाडीचा तोल आणि चाल येणार नाही. परदेशातील बहुतेक किटे फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बेतलेली असतात. बीटलच्या दोन्ही आसांमधील अंतर २४०० मिलिमीटर आणि ३५६ चे २१०० असल्यामुळे तो तळ कापून आखूड करावा लागतो. तसा तळ इथे सहज मिळत नाही, त्यात सीमाशुल्क भरावे लागते आणि नोंदणीचा प्रश्न तसाच उरतो.

मकरपुऱ्यातील कारागिरांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. ते बनवतात तशा रासायनिक कारखान्यांच्या फायबरच्या टाक्या बनवणे सोपे काम नाही. परंतु टाकीला रसायनाने खराब न होणारी आतली बाजू लागते, तर गाडीला आरशासारखी बाहेरची. फायबर घट्ट करणारे रेझिन पुरते पिकलेले (वाळून कडक झालेले) नसेल तर मे महिन्याच्या उन्हात रंगाखालून आतल्या काचतंतूंच्या मॅटची वीण उमटते आणि दारे बसकतात. म्हणून कोणत्याही वर्कशॉपला नवी गाडी दाखवायला सांगू नये; दोन-तीन उन्हाळे काढलेली गाडी पाहावी. तिचे एक चाक जॅकने उचलून दारे उघडझाप करून पाहावीत. दार अडकले तर चॅसी कमकुवत आहे, मग रंग कितीही सुरेख असो. सीटबेल्ट फायबरला जोडला आहे की चॅसीला, हे खाली वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार द्यावी लागते. ती दिलेली नसेल तर त्या वर्कशॉपला वायरिंगचे काम येत नाही असे समजावे.

म्हणून माझा कौल परराज्यातील वर्कशॉपच्या बाजूने आहे, आणि तोही त्यांच्या जुन्या गाड्या या कसोटीला उतरल्या तरच. अप्रिय गोष्ट आधी सांगणारा माणूस पुढे अडचण आली तरी ती लपवणार नाही, असा माझा कयास आहे. पोर्शेचे बोधचिन्ह मात्र लावून घेऊ नये. तो त्या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. करार लेखी असावा आणि पैसे चॅसी, बॉडी, इंजिन, रंग अशा टप्प्यांनी, तो तो टप्पा प्रत्यक्ष पाहून द्यावेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके आपल्या नावाच्या बिलावर स्वतः विकत घ्यावीत, म्हणजे मध्येच काम थांबले तरी तो माल आपला आहे हे सिद्ध करता येईल.