म्हातारी मांजर रात्री ओरडते तेव्हा

तेरा वर्षांची मांजर मध्यरात्री उठून ओरडायला लागली, तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईड वाढणं, मूत्रपिंडं थकणं, रक्तदाब, सांधेदुखी, यांची पहिली खूण बरेचदा वागण्यातच दिसते. रक्त-लघवी तपासून घ्या, रक्तदाबही आवर्जून मोजायला सांगा. माझी मनी तिच्या वाळूच्या ट्रेच्या बाहेर शू करायला लागली तेव्हा मी तिला रागावले होते, त्याचं अजून वाईट वाटतं. नीट पाहिलं तर ट्रेची कड ओलांडताना तिचा मागचा पाय थरथरत होता. बुटक्या कडेचा ट्रे आणला आणि ते थांबलं. रात्री मंद दिवा ठेवा, सामानाची जागा बदलू नका. आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजरांना ती जीवघेणी ठरते.