आधी डोंगर की आधी वायरिंग? सहा बाय चारच्या घाटाचा क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा फूट बाय चार फूट प्लायवूड आणलाय, मॉडेल रेल्वेचे एचओ मापाचे (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे) रूळ, चार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे), एक इंजिन आणि पाच डबे हाताशी आहेत. भोर घाटाचा देखावा करायचाय, लेकाला दिवाळीच्या सुट्टीत गाडी चालवायची आहे. व्हिडिओंमध्ये कुणी डोंगर आधी उभा करतो, कुणी वायरिंग आधी. मग ऐकायचं कुणाचं?

मी कुणाचंच ऐकू नका म्हणेन. प्रत्येक कामाला एवढंच विचारा, की हे उद्या कशाखाली झाकलं जाणार? झाकलं जाणारं आधी करायचं, आणि झाकण्यापूर्वी तपासायचं. वायर प्लायखाली जाते, स्लीपर खडीत बुडतात, बोगद्यातला रूळ डोंगराच्या पोटात जातो. निम्मा क्रम इथेच लागला. उरलेल्या निम्म्यात मी स्वतः दोनदा तोंडावर आपटलोय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

तुमच्या बाबतीत पहिलं काम रुळाचं नाही, घाटाचं. दचकू नका, हिशेब बघा. ४५ सेंटिमीटर त्रिज्येची वळणं धरली तर तुमच्या प्लायवर एका फेरीचा मार्ग साधारण साडेचार मीटर होतो. एक मार्ग दुसऱ्यावरून पुलाने न्यायचा, तर खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत पुलाची जाडी धरून निदान ९ सेंटिमीटर हवेत. खऱ्या भोर घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे मीटरमागे २.७ सेंटिमीटर. तो जशाच्या तसा घेतला तरी ९ सेंटिमीटर चढायला ३.३ मीटर गेले, उतरायला पुन्हा तेवढेच. झाले ६.६. जागा साडेचारची. त्यातून वळणावरच्या चढात छोटं इंजिन पाच डबे ओढताना जागच्या जागी चाकं फिरवत बसतं, आणि तुमच्याकडे कर्जतला मागून ढकलायला लागणारी बँकर इंजिनं नाहीत! (मूळ घाटातही जागेची अडचण होतीच. १८६३ साली मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवून पुढे न्यावी लागे. तो प्रकार १९२९ साली बंद झाला.)

तेव्हा रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. पाहणाऱ्याला घाट वाटतो तो दरीमुळे, चढामुळे नव्हे. समोरच्या एका कोपऱ्यात प्लाय कापून दहा-पंधरा सेंटिमीटर खोल दरी सोडा, वरून रूळ पुलावरून जाऊ दे. पण ही दरी सुताराला आधी सांगावी लागते, कारण टेबलाची चौकट तिथे खाली घ्यावी लागते. रूळ बसल्यावर दरी सुचली तर करवत चालवायची कुठून? म्हणजे डोंगर शेवटी रंगवला जात असला तरी ठरतो सगळ्यात आधी. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सहा बाय चारचा कागद करा आणि त्यावर खऱ्या मापाने आखा. लहान कागदावर सगळं मावतं, तिथे फसगत होते.

आता माझी पहिली आपटी. डोंबिवलीत ऐन ऑगस्टमध्ये मी कोऱ्या प्लायवर रूळ ठोकले, जोडाला जोड अगदी घट्ट. काम दिसायला देखणं झालं. फेब्रुवारीपर्यंत लाकडातली ओल गेली, प्लाय आणि खालची चौकट किंचित आकसली, रूळ मात्र होते तेवढेच राहिले. दोन ठिकाणी ते बाजूला फुगले आणि प्रत्येक गाडी तिथे लोळण घ्यायला लागली. तेव्हापासून रुळाला हात लावण्याआधी प्लायला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना प्रायमरचे दोन हात, आणि रुळांच्या जोडात जाड पोस्टकार्डाएवढी फट. दुकानदार वॉटरप्रूफ प्लाय म्हणाला तरी कडा रंगवायच्याच. भिंतीला टेकून ठेवणार असाल तर मागचं आभाळही याच वेळी रंगवून टाका, नंतर डोंगरावर ओणवं होऊन रंगवताना कंबर धरते.

मग रुळाखालची कॉर्कची पट्टी, मग रूळ. सांध्यांच्या मोटरी आज घेतल्या नसतील तरी त्यांची भोकं आजच पाडा. रूळ चिकटवू नका, टाचण्यांवर ठेवा. वायरिंगमध्ये लोक कंटाळा करतात आणि एकाच ठिकाणी दोन वायरी जोडून मोकळे होतात. रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका, आपल्या दमट हवेत त्या काळ्या पडतात आणि लांबच्या टोकाला इंजिन रेंगाळतं. टेबलाखालून जाड वायरीची जोडी फिरवा आणि दर मीटरला तिच्यातून बारीक वायर वर घेऊन रुळाला सोल्डर करा. लाल वायर बाहेरच्या रुळाला, काळी आतल्या, हा नियम एकदा ठरवला की मोडायचा नाही. डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत) घेणार असाल तर प्रत्येक तुकड्यावर नाणं आडवं टाकून बघा. कंट्रोलरने लगेच ट्रिप होऊन वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर त्या तुकड्याला वीज नीट पोचत नाहीये.

यानंतर महिनाभर काहीही करायचं नाही, फक्त गाड्या चालवायच्या. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळे तीच गाळतात. डबे ओढत चालवा, ढकलत चालवा, सांध्यावरून उलटे न्या. गाडी घसरली की तिथे खडूने फुली. वेगवेगळे डबे एकाच फुलीवर घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा निरनिराळ्या जागी घसरत असेल तर त्याची चाकं तपासा. याच महिन्यात चपलांचे आणि औषधांचे खोके स्टेशन, गोदाम, सिग्नल केबिन म्हणून मांडून बघा. हात कुठे अडतो ते कळतं.

बोगद्याचं तोंडही आत्ताच ठरतं. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचा) डबा २१.३ मीटरचा, १:८७ मापात साडेचोवीस सेंटिमीटर. वळणावर त्याचं पोट आत येतं आणि कोपरे बाहेर जातात. डब्याच्या मध्यावर आणि कोपऱ्यावर पेन्सिल चिकटवून तो हाताने वळणावरून फिरवा, उमटलेल्या रेघांच्या बाहेर भिंत. डोंगराच्या मागच्या बाजूला हात कोपरापर्यंत जाईल एवढं भोक ठेवा. माझ्या पहिल्या डोंगराला ते नव्हतं. आत अडकलेला डबा काढायला आमच्या हिने स्वयंपाकघरातला चिमटा दिला, तो अजून परत मागते.

फुल्या संपल्या की रूळ पक्के करा, बाजूने गंजाचा रंग द्या, माथा लगेच पुसून घ्या. डोंगराचा सांगाडा, प्लास्टर, मातीचा रंग हे खडीच्या आधी, नाहीतर प्लास्टरचे शिंतोडे खडीत बसतात. खडीवर निम्मं पाणी घातलेला फेविकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी मात्र कोरडी खडीसुद्धा नखभरच. माझा एक नवा कोरा सांधा या फेविकॉलने एका दुपारीत कायमचा बंद पाडलाय, ती दुसरी आपटी. गवत, झाडं, माणसं शेवटी, त्याला घाई नाही. चहाचा चोथा वाळवून ठेवायला मात्र आजपासून लागा, दरीच्या उतारावर तो छान बसतो.

राहिली दिवाळी. तोवर उघडा प्लाय, टाचण्यांवरचे रूळ आणि चपलांच्या खोक्यांचं स्टेशन एवढंच होईल. लेकाला तेच द्या. खडूच्या फुल्या मारायचं काम त्याच्याकडे सोपवा, मुलं गाडी जितक्या तऱ्हांनी घसरवतात तितकं आपल्याला सुचत नाही. आणि सुताराला बोलावण्याआधी कागदावरच्या आराखड्याचा फोटो इथे टाका, दरी कुठल्या कोपऱ्यात घेताय ते बघून चौकटीचं सांगतो.