लिथुआनियन विद्यार्थ्यांना इंग्रजी 'गेट' (get) क्रियापदाचे इतके अर्थ कसे शिकवावेत?

'गेट' म्हणजे लिथुआनियन 'गाउती' (मिळणे), एवढंच पाठ करून घेतलं की घोळ होतो. लिथुआनियनमध्ये बाकीचं काम उपसर्ग करतात: 'पीक्ती' रागावलेलं असणे, 'सुपीक्ती' राग येणे. म्हणून 'गेट अँग्री', 'गेट टायर्ड' हे 'सुपीक्ती', 'पवर्ग्ती' (थकणे) यांच्याशी जोडून द्या. 'गाउती' तिथे चालतच नाही.

खरी चूक वाहनांत होते. लिथुआनियन 'ईलिप्ती' (वाहनात चढणे) बसलाही चालतं, मोटारीलाही; इंग्रजीत बसला 'गेट ऑन', मोटारीला 'गेट इन'. 'गेट होम' मात्र सोपं, कारण 'नामो'लाही (घरी) शब्दयोगी लागत नाही. विल्नियस शहराला जायचं तर दोन्ही भाषांत तो लागतो.

आपलं 'लागणे' तरी कुठे सरळ आहे? भूक, ठेच, नोकरी, सगळं लागतंच.