'हरित अवकाश' नको, आणि पार्क म्हणजे कुंपण

प्रश्न असा आलाय की एका इतिहासकाराचं काम हिरव्या जागा आणि सामाजिक विषमता यावर आहे, त्याचा मराठीत परिचय लिहायचाय, तर ग्रीन स्पेसला 'हरित अवकाश' म्हणावं का, आणि पार्कला उद्यान की बाग?

'हरित अवकाश' प्लीज नको! हल्ली जिथेतिथे वाचतो आणि दरवेळी डोकं उठतं. अवकाश म्हणजे सवड, नाहीतर जिथे यान पाठवतात ते. 'हिरव्या जागा' लिहा, कुणी अडाणी म्हणणार नाही.

आता पार्क. या शब्दाच्या मुळाशी झाड नाही, हिरवळ नाही, आहे ते फक्त कुंपण. जुन्या इंग्रजीत 'पेअरॉक' म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जमीन, त्याचंच पुढे घोड्यांचं 'पॅडक' झालं, आणि फ्रेंचकडून आलेलं त्याचं भावंड म्हणजे पार्क. मध्ययुगीन इंग्लंडात पार्क म्हणजे राजा-सरदारांनी शिकारीसाठी हरणं कोंडलेलं रान. १७२३च्या ब्लॅक ॲक्ट नावाच्या इंग्रजी कायद्यात तर तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन अशा पार्कात नुसतं सापडलात तरी फाशीची तरतूद होती. पूर्व लंडनच्या कामगारवस्तीला व्हिक्टोरिया पार्क मिळालं ते थेट १८४५ मध्ये. तरी 'पार्क या शब्दातच सर्वांसाठी खुलेपणा आहे' असं छातीठोक लिहिणारे विद्वान आहेत, त्यांनी एकदा कोश उघडावा एवढंच म्हणतो.

आणि कोश उघडायचाच तर अमरकोश उघडा, तो जुना संस्कृत शब्दकोश, त्यातलं वनस्पतींचं प्रकरण, वनौषधिवर्ग. तिथे बागांची वाटणी झाडांवरून नाहीच, मालकाच्या पायरीवरून आहे! मंत्र्याच्या नाहीतर गणिकेच्या घरची ती वृक्षवाटिका, अंतःपुराची ती प्रमदवन, आणि 'उद्यानं राज्ञः साधारणं वनम्', म्हणजे राजाचं पण इतरांनाही मोकळं, असा कोशाचे जुने भाष्यकार अर्थ लावतात. विषमतेच्या इतिहासकाराला याहून चांगला पुरावा कुठला हवाय?

बाग फारसी म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. अहो, फारसी बाग आणि आपला भाग हे एकाच मुळाचे असं मानतात, अर्थ वाटा! म्हणजे वाट्याला आलेली जमीन ती बाग, आणि प्रश्न उरतो तो कुणाच्या वाट्याला. वाडीचंही तेच, संस्कृत वाट म्हणजे कुंपण, त्यातून वाटिका आणि वाडी. माझं तर म्हणणं आहे की हिरवळीचे निम्मे शब्द खरं म्हणजे मालकीचे शब्द आहेत, पटत नसेल तर न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या, तिथे सेनेका व्हिलेज नावाची बहुतांश कृष्णवर्णीयांची वस्ती होती, घरं, चर्च, शाळा सगळं, १८५७ पर्यंत ती उठवली आणि मग पार्क झालं.

हां, उद्यान की बाग ते राहिलंच. एकोणिसाव्या शतकातल्या सार्वजनिक पार्कला उद्यान, त्याआधीच्या सरदारी पार्कला 'शिकारीचं राखीव रान'. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर त्या इतिहासकाराचा अख्खा मुद्दाच गायब.