'मी जातो' की 'मी जाते'?

तुम्ही विचारलंय की मुलगा-मुलगी तर जन्मानंच ठरतं, मग लिंगभाव समाज ठरवतो असं का म्हणतात, आणि या इतक्या ओळखी अचानक कुठून आल्या?

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले. माझी आजी कासोटा घालून नऊवारी नेसायची. शेजारच्या गुजराती बांना तो कासोटा पुरुषी वाटायचा, धोतरासारखा. आजीला मात्र कासोट्याशिवाय बाई नीट नेसलेलीच वाटत नसे. बाईनं कसं दिसावं याचा नियम एका भिंतीच्या अल्याड एक, पल्याड दुसरा. या नियमांना, म्हणजे कपडे, काम, चालणं-बोलणं, कुणी रडायचं आणि कुणी नाही, या सगळ्याला लिंगभाव म्हणतात. बालगंधर्वांचंच बघा. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोदे संस्थानाचा आश्रय होता. नारायणराव राजहंस हा पुरुष रंगभूमीवर जसं लुगडं नेसे, जसे दागिने घाली, तसं घरंदाज बायका करू लागल्या. बाईपण शिकता येतं, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

लिंग ही शरीराची गोष्ट: अवयव, हार्मोन, क्रोमोसोम. तिथेही सगळे दोनच साच्यांत बसत नाहीत. काहींचं शरीर जन्मतःच वेगळं असतं, त्यांना इंटरसेक्स म्हणतात.

पण साचे समाजाचे असले, तरी त्यातला आपला कोणता हे आतून कळतं. हे मला माझ्या बहिणीच्या लेकरानं शिकवलं. घरात ते मुलगी म्हणून वाढलं. चौदाव्या वर्षाच्या आसपास ते आमच्याशी मराठी बोलेनासंच झालं, सगळं गुजरातीत. आम्ही रागावलो, मातृभाषा विसरतंय म्हणून. खरं कारण फार उशिरा कळलं. मराठीत 'मी जातो' किंवा 'मी जाते' असं काहीतरी एक निवडावं लागतं. गुजरातीत 'हुं जाउं छुं' सगळेच म्हणतात. भूतकाळात तिथेही 'गयो' की 'गई' हा प्रश्न येतोच, पण निदान वर्तमानकाळात सुटका. मराठी बोलावंच लागलं तर 'मला जायचंय', 'मला भूक लागलीय', 'मी येईन'. कित्येक वर्षं ते लेकरू क्रियापदं चुकवत बोलत होतं आणि मला, व्याकरण शिकवणाऱ्या मावशीला, ते ऐकू आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. आता तो माझा भाचा आहे. दारात उभा राहून पहिल्यांदा 'मावशी, येतो' म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

त्याच्यासारख्याला ट्रान्स पुरुष म्हणतात. याच्या उलट ट्रान्स स्त्री. दोन्हींत न बसणारे नॉन-बायनरी. कुणावर प्रेम जडतं हा प्रश्न निराळा, तो यात मिसळू नका. समलैंगिक पुरुष स्वतःला पूर्ण पुरुषच मानत असतो.

आणि 'अचानक' म्हणालात, ते मला पटत नाही. मेहसाणा जिल्ह्यातलं बेचराजी पूर्वी गायकवाडांच्याच राज्यात होतं. कोंबड्यावर बसलेली तिथली बहुचरा माता ही तृतीयपंथीयांची देवी, आणि पावैया हा त्यांच्यासाठीचा गुजरातीतला जुना शब्द. आपल्याकडे यल्लम्मा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे जोगते आहेत. माणसं होतीच, नोंद नव्हती. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांपलीकडचा 'इतर' हा पर्याय आला आणि ४,८७,८०३ जणांची त्यात नोंद झाली. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्कही मानला.

नावं पाठ करत बसू नका. समोरच्याला विचारा. भाच्याचे एक नॉन-बायनरी स्नेही घरी आले, तेव्हा मी सरळ विचारलं, "तुला 'आलास' म्हणू की 'आलीस'?" ते म्हणाले, "मावशी, तुम्ही 'चहा घेणार का' असं विचारा. 'घेणार' सगळ्यांना चालतं." मग मी आधण ठेवलं.