‘कृपया’ची किंमत

प्रश्न: मी घाऊक दराने एसएमएस घेऊन व्यावसायिकांना विकतो. एका क्लासचालकाने ५,००० पालकांना मराठीत सूचना पाठवली आणि माझ्या खात्यातून १५,००० क्रेडिट गेले. तो म्हणतो, “मी पाच हजारच पाठवले, तेवढ्याचेच पैसे देईन.” सूचनेचा मजकूर सोबत जोडला आहे. चूक कोणाची?

उत्तर: क्लासवाला खोटं बोलत नाही आणि पॅनेलही (ज्या वेबपानावरून मेसेज सोडता ते) चुकलेलं नाही. तुम्ही त्याला ‘मेसेज’ विकलेत, तुम्ही जिच्याकडून घाऊक घेता ती वरची कंपनी मात्र तुम्हाला ‘पार्ट’, म्हणजे मेसेजचे तुकडे, विकते; एका पार्टाला एक क्रेडिट.

एका एसएमएसच्या पोटात १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट, मावतात. साधं रोमन अक्षर ७ बिटांत बसतं म्हणून त्याची १६० अक्षरं होतात. देवनागरीचं एकेक चिन्ह १६ बिट खातं, म्हणून सत्तरच. मजकूर लांबला की त्याचे तुकडे पडतात. ते फोनने पुन्हा नीट जोडावेत म्हणून प्रत्येक तुकड्याला ६ बाइटांची चिठ्ठी चिकटवावी लागते आणि मराठीत हातात ६७ चिन्हं उरतात. तुमचा मजकूर मी बोट ठेवून मोजला: १३८. दोन तुकड्यांत १३४ मावली असती. उरलेल्या चार चिन्हांनी तिसरा पार्ट खाल्ला! त्यातला ‘कृपया’ बघा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. यंत्र क, ऋकार, प, य आणि काना अशी पाच मोजतं. तेवढा एक शब्द गाळला असता तर ५,००० क्रेडिट वाचले असते.

रोमन मजकूरही कधी कधी बेसावध गाठतो. माझ्या एका ग्राहकाने १५८ अक्षरांचा मजकूर एमएस वर्डमधून उचलून पॅनेलवर चिकटवला. एका पार्टात आरामात बसणारा, तरी तीन पार्ट कापले गेले. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की वर्डने सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार केलं होतं. ते ७ बिटांच्या तक्त्यात नाही, त्यामुळे अख्खा मजकूर १६ बिटांवर गेला. तेव्हापासून चिकटवलेलं काहीही मी आधी नोटपॅडमध्ये टाकून चिन्हं हाताने बदलते.

या वेळचा फरक दोघांनी निम्मा-निम्मा सोसा, कारण पार्टाचा हिशेब त्याला आधी सांगणं तुमचं काम होतं. पुढचं दरपत्रक ‘प्रति पार्ट’ लिहा. मोठी यादी सोडण्यापूर्वी एकच मेसेज स्वतःच्या नंबरवर पाठवून किती क्रेडिट गेले ते पाहा. आणि उधारी नको. माझ्याकडच्या एका उधारीवाल्याच्या वेबसाइटवर ओटीपी मागण्याला मर्यादाच नव्हती. कुणीतरी रात्रभर बॉट लावून परदेशी नंबरांवर ओटीपी मागवत बसलं. सकाळी वरच्या कंपनीचं बिल माझ्या नावावर! ग्राहक महिनाभर फोन उचलेना.

प्रश्न: पॅनेलवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, ग्राहक म्हणतो मेसेज आलाच नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: आधी शब्द नीट वाचा. ‘सबमिटेड’ म्हणजे पुढच्याने मेसेज हातात घेतला, एवढंच. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे फोनपर्यंत पोचला. वाचला की नाही ते एसएमएस कधीच सांगत नाही. पण काही स्वस्त रूटवाले (मेसेज पुढे पोचवणारे मधले पुरवठादार) मेसेज पुढे न पाठवताच ‘डिलिव्हर्ड’चा शिक्का मारून देतात. दर बाजारभावापेक्षा फारच खाली असेल तर मला आधी हाच संशय येतो. वेगवेगळ्या ऑपरेटरची चार-पाच सिमकार्डं घ्या आणि ते नंबर प्रत्येक मोठ्या यादीत मधेच कुठेतरी पेरून ठेवा. पॅनेल ‘डिलिव्हर्ड’ म्हणतंय आणि तुमच्या टेबलावरचे फोन गप्प असतील, तर मेसेज आयडी आणि वेळ लिहून वरच्या कंपनीला लेखी जाब विचारा. उत्तर टाळलं, तर उरलेले क्रेडिट संपायची वाट न बघता दुसरा पुरवठादार शोधा.