क्योतो कुठं पळून जात नाही

प्रश्न : कंपनी मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी नागोयाला पाठवते आहे. मोकळे रविवार दोनच. तोक्यो, क्योतो, ओसाका कसं बसवू? – एक अभियंता, चाकण

बसवूच नका. नोझोमी शिंकानसेन या बुलेट ट्रेननं क्योतो जेमतेम पस्तीस मिनिटांवर आहे, तेव्हा दुसरा रविवार तिकडे द्या. पहिला मात्र नागोयातच.

सकाळी टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय गाठा. जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत ते आहे. टोयोटा समूहाचे मूळ संस्थापक साकिची तोयोदांनी १९२४ साली तयार केलेला स्वयंचलित माग तिथं बघायला मिळतो. धागा तुटला की माग आपणहून थांबतो, म्हणजे खराब कापड पुढं विणलंच जात नाही. 'जिदोका' म्हणतात ते हेच. वर्गात त्यावर तीसेक स्लाइड दाखवतील आणि जेवणानंतरच्या तासाला तुम्हाला डुलकी लागेल. मागासमोर उभं राहिलात की असेंब्ली लाइनवरची दोरी ओढून काम थांबवायची मुभा साध्या कामगाराला का देतात, ते चटकन कळतं. मी हे संग्रहालय परतायच्या आदल्या दिवशी पाहिलं आणि हळहळलो. आधी पाहिलं असतं तर वर्गात चार बरे प्रश्न विचारले असते. सोमवारी ते बंद असतं.

दुपारी किल्ला. मुख्य मनोरा १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. १९५९ साली तो काँक्रीटमध्ये पुन्हा उभारला, पण २०१८पासून आत सोडत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खरी चीज शेजारचा होनमारू राजवाडा आहे. तोही त्याच आगीत गेला होता. पण सरकत्या दारांवरची बरीच चित्रं आधीच काढून ठेवल्यानं वाचली होती, जुनी मोजमापं आणि छायाचित्रंही हाताशी होती. त्यांवरून सगळा वाडा लाकडात पुन्हा बांधला आणि २०१८ साली पूर्ण खुला केला. १८२८च्या आगीनंतर शनिवारवाड्याची नुसती जोतीच बघत आलेल्या आपल्यासारख्यांना तिथं जरा वेळ गप्प व्हायला होतं.

फिरायला 'दोनिची इको किप्पु' हा दिवसभराचा पास घ्या. शहराच्या मेट्रोला आणि बसला तो चालतो. शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि दर महिन्याची ८ तारीख, एवढ्याच दिवशी मिळतो.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी. उपाशी राहीन का? – चिंचवड

उपाशी नाही, पण फसाल. 'मांस नाही ना?' असं विचारलंत तर 'नाही' म्हणतील, आणि तरी मिसो सूपमध्ये किंवा किशिमेन या चपट्या शेवयांच्या रश्शात वाळवलेल्या माशाचं पाणी असेल. त्याला 'दाशी' म्हणतात. हा शब्द पाठ करा आणि तोच विचारा. भाजणी, मेतकूट खुशाल न्या. आंबे आणि ताजा कढीपत्ता मात्र घरीच ठेवा, वनस्पती तपासणीचा सरकारी दाखला नसेल तर विमानतळावर अडवतात.

सकाळची सोय नागोयाइतकी दुसरीकडे क्वचितच. कॉफी मागवली की तेवढ्याच पैशांत टोस्ट येतो, बऱ्याचदा सोबत उकडलेलं अंडं. ते नको म्हणून सांगा. ओगुरा टोस्ट मिळाला तर सोडू नका. लोण्यावर लाल अझुकीचं गोड वाटण, पुरणाचा लांबचा भाऊबंद.

प्रश्न : प्रशिक्षक संध्याकाळी जेवायला बोलावतात. मला शहर बघायचं असतं, शिवाय मी दारू पीत नाही. टाळलं तर चालेल? – भोसरी

पहिलं आमंत्रण टाळू नका. उलोंग चहा मागा, कोणाला काही वाटत नाही. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, एवढं सांभाळा. वर्गात तोंड न उघडणारे साहेब तिथं बोलायला लागतात. इनुयामाचा किल्ला बघ, मूळचा जुना मनोरा आहे, मेइतेत्सु रेल्वेनं अर्ध्या तासात पोचशील, हे मला अशाच एका टेबलावर कळलं. दुसऱ्या आमंत्रणापासून मोकळे.

प्रश्न : भाषा शिकून जाऊ का? – कोथरूड

महिनाभरात जमेल तेवढी काताकाना, म्हणजे परक्या शब्दांसाठीची लिपी शिका. मेनूवरचे 'कोही' (कॉफी), 'तोसुतो' (टोस्ट) तरी वाचता येतील.

प्रश्न : मुलगा पहिल्यांदाच एवढ्या लांब चाललाय. त्याला फोन कधी करावा? – एक आई, सदाशिव पेठ

जपान आपल्या साडेतीन तास पुढं आहे. संध्याकाळी साडेपाचला करा. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील. उचलला नाही तर घाबरू नका, तो ट्रेनमध्ये असेल. तिथं गाडीत फोनवर बोलत नाहीत.